पोराला दहा नंबरवरून खाली आणलंय, अकॅडमी बदलू का? पिर्लोचं उदाहरण किती खरं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा 15 वर्षांचा, दहावीत, लहानपणापासून स्ट्रायकरच्या मागं दहा नंबरवर खेळलाय, गोल मारायचा, आणि यंदा नवीन कोच आले त्यांनी त्याला डिफेन्सच्या पुढ्यात आणून उभा केला. कारण विचारलं तर "स्पीड कमी आहे" एवढंच उत्तर. पोरगं घरी येऊन गप्प बसतंय, आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलं की टेन्शन घेऊ नका, इटलीच्या पिर्लोलाही असंच खाली आणलं होतं आणि तो वर्ल्डकप जिंकला. तर हे खरं आहे का, आणि अकॅडमी बदलायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा कोल्हापूरचा, तालमीच्या टीमकडून 11 सीझन सेंटर मिडला खेळलो, आणि गेली 19 वर्षं पुण्यात 12 ते 17 वयाच्या पोरांना शिकवतोय. तुमच्या मुलाला मी खेळताना बघितलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल छातीठोक काही सांगणार नाही. पण हा प्रसंग माझ्यासमोर कमीत कमी तीस-चाळीस घरांत झालाय, आणि पिर्लोचं करिअर तर मी सुरुवातीपासून फॉलो केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा एक गोष्ट. तुमचा प्रश्न पोझिशनचा वाटतो पण तुम्हाला खरं छळतंय ते वेगळंच आहे, की मुलाला खाली आणलं म्हणजे त्याची किंमत कमी केली का. आपल्याकडे ग्राउंडवर पुढं खेळणारा तो भारी, मागं खेळणारा तो उरलेला, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. पालकांच्याही आणि, खरं सांगतो, कोचच्याही. त्यामुळे एकच बदल एका पोरासाठी प्रमोशन असतो आणि दुसऱ्यासाठी शिक्षा, आणि कुठलं ते ठरतं बदलामागच्या विचारावरून. पिर्लोचं उदाहरण बरोबर आहे, पण ते अर्धंच सांगितलं जातं, पूर्ण सांगतो.

आंद्रेआ पिर्लो 1979 चा, ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरो नावाच्या गावचा. ब्रेशाकडून 16 व्या वर्षी सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पहिली मॅच खेळला, 1995 साली. म्हणजे टॅलेंटबद्दल कोणाला शंका नव्हती. दहा नंबरवाला, स्ट्रायकरच्या मागं. 1998 ला इंटर मिलाननं घेतला आणि तिथं सगळं अडकलं. त्या एका सीझनमध्ये इंटरनं चार कोच बदलले, टीम आठवी आली, आणि 19 वर्षांच्या पोराला शांतपणे तयार करायला कोणाकडे वेळच नव्हता. मग लोनवर, म्हणजे काही काळापुरता उसना, रेजिना क्लबला पाठवला, तिथं बरा खेळला. 2000 ला इटलीच्या अंडर-21 टीमचा कॅप्टन म्हणून युरो जिंकला, फायनलला दोन्ही गोल त्याचेच, तेही दहा नंबरवरूनच. आणि परत इंटरला आला तर परत बेंचवर. म्हणजे बघा, आपल्या वयोगटात युरोपात सगळ्यात भारी दहा नंबर, आणि क्लबमध्ये जागा नाही. का? कारण त्या काळात दहाची जागा टीममध्ये एकच असायची आणि त्या जागेवर मोठमोठी नावं असायची. शिवाय तिथं समोरच्या टीमचे डिफेन्सिव्ह मिड तुमच्या पाठीला चिकटलेले असतात, अर्धा सेकंद मिळतो, आणि पहिल्या पाच मीटरचा स्पीड लागतो. तो पिर्लोकडे नव्हता.

जानेवारी 2001 ला तो पुन्हा लोनवर ब्रेशाला आला. कोच कार्लो माझोने. आणि त्या टीममध्ये दहा नंबरवर कोण होता, तर इटलीचा मोठा स्टार रॉबेर्तो बॅजो! आता बॅजोला काढून 21 वर्षांच्या पोराला तर खेळवणार नाही कोणी. माझोनेनं पिर्लोला खाली, डिफेन्सच्या पुढं खेळवायला सुरुवात केली. त्याचा हिशोब साधा होता असं मला वाटतं, याच्या पायात 40-50 मीटरचा पास आहे, वर बॅजो पळणार आहे, तर पास देणारा खाली पाहिजे, जिथं त्याला अख्खं ग्राउंड समोर दिसतं. 1 एप्रिल 2001 ची युव्हेंटसविरुद्धची मॅच शोधून बघा. पिर्लो मधल्या भागातून लांब उचलून पास देतो, बॅजो तो हवेतच एका टचनं घेऊन गोलकीपर व्हॅन डर सारला चकवतो आणि गोल. मॅच 1-1. मी हा एक गोल माझ्या पोरांना दरवर्षी दाखवतो आणि सांगतो की बॅजोकडे बघू नका, पास द्यायच्या आधी पिर्लोची मान कुठं आहे ते बघा.

तर खाली आणलं हे खरं. पण कशासाठी आणलं? त्याच्यात काय कमी आहे ते लपवायला आणलं नाही, त्याच्याकडे जे आहे ते वापरायला आणलं. तुमच्या मुलाच्या कोचनं "स्पीड कमी आहे" एवढंच सांगितलं असेल तर ते उत्तर अपुरं आहे. स्पीड कमी असणारी पोरं डिफेन्सच्या पुढं आपोआप चांगली खेळत नाहीत, उलट तिथं चूक झाली तर थेट गोल बसतो. तिथं खेळायला काहीतरी जास्तीचं लागतं, आणि ते तुमच्या मुलात कोचला काय दिसलं, हे विचारायला पाहिजे.

इथं माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून टोचते. साधारण बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, मिडफिल्डला हुशार, दोन्ही पाय चालायचे. टीमला राईट बॅक नव्हता म्हणून मी त्याला तिकडं टाकला. माझ्या डोक्यात होतं की याला गेम कळतो, हा कुठंही खेळेल, म्हणजे माझ्या दृष्टीनं ते कौतुक होतं. पण मी त्याला हे बोललोच नाही. लिस्ट वाचली, "तू आजपासून राईट बॅक," आणि शिट्टी मारली. तीन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. नंतर त्याची आई भेटली, म्हणाली, सर, तो म्हणायचा की सरांना वाटतं मला मिडफिल्ड जमत नाही. त्या पोरानं परत फुटबॉल खेळला नाही. तेव्हापासून पोझिशन बदलायची असेल तर आधी पोराला बाजूला घेऊन बसतो, दहा मिनिटं, आणि का बदलतोय ते सांगतो. तुमच्या कोचनं कदाचित विचार चांगलाच केला असेल, फक्त बोलले नसतील. ही शक्यता सोडू नका.

आता पिर्लोचं पुढचं, कारण खरा मुद्दा इथं आहे. 2001 च्या उन्हाळ्यात एसी मिलाननं (इंटरच्याच शहरातला दुसरा क्लब) त्याला घेतला. तिथंही दहाच्या जागी रुई कॉस्टा. नोव्हेंबरमध्ये कार्लो अँचेलोट्टी कोच म्हणून आला, आणि अँचेलोट्टीनं नंतर सांगितलंय की खाली खेळायची कल्पना पिर्लोनंच त्याच्याकडे मांडली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रेशात त्याला चव कळली होती, आणि आता तो स्वतः मागत होता. मग जी टीम तयार झाली ती बघा, तळाला पिर्लो, उजवीकडं गट्टुसो, डावीकडं सीडोर्फ, वर रुई कॉस्टा. गट्टुसो म्हणजे नुसता इंजिन, बॉल गेला की कुत्र्यासारखा मागं लागणार, टॅकल मारणार, बॉल घेऊन पिर्लोला देणार. पिर्लोला कमी पळावं लागलं असं लोक म्हणतात, ते चूक आहे, त्या जागेवरचा माणूस पण मॅचला दहा-अकरा किलोमीटर पळतोच, फक्त छोटी छोटी पावलं, सतत पाच मीटर इकडं, तीन मीटर तिकडं, पास घ्यायला मोकळा होण्यासाठी. फरक असा की धडका मारायचं काम त्याच्या शेजारच्यानं घेतलं होतं.

2003 ला मिलाननं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली, 2007 ला परत. मध्ये 2005 ची फायनल, इस्तंबूल, पहिल्याच मिनिटाला पिर्लोच्या फ्री किकवर मालदिनीचा गोल, हाफटाइमला 3-0, आणि तरी लिव्हरपूलनं मॅच ओढून पेनल्टीत नेली आणि तिथं पिर्लोची पेनल्टी त्यांचा गोलकीपर डुडेकनं अडवली. एवढ्या मोठ्या फायनलला असं झाल्यावर माणूस मोडतो. त्याच्या पुढच्याच वर्षी, 9 जुलै 2006, बर्लिन, वर्ल्डकप फायनल, पेनल्टी शूटआउटमध्ये इटलीची पहिली पेनल्टी मारायला कोण गेला तर पिर्लो. आणि मारली. त्याच मॅचमध्ये इटलीच्या मातेराझ्झीचा हेडरचा गोल पिर्लोच्याच कॉर्नरवर. हाच मातेराझ्झी पुढं चेन्नईयनचा कोच होता आणि 2015 ला गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाला हरवून आयएसएल जिंकून गेला, आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी त्याला जवळून बघितलाय.

पण मुलाला दाखवायचं असेल तर फायनल नको, जर्मनीविरुद्धची सेमीफायनल दाखवा, डॉर्टमुंड. 119 वं मिनिट, 0-0, सगळे मेलेले, पाय उचलत नाहीत. कॉर्नर क्लिअर होऊन बॉल बॉक्सच्या बाहेर पिर्लोकडे येतो. दुसरा कोणी असता तर लगेच शॉट मारला असता. तो मारत नाही. बॉल घेऊन आडवा उजवीकडं सरकतो, एक, दोन, तीन टच, जर्मनीचे डिफेंडर त्याच्याकडं ओढले जातात, आणि मग तिकडं न बघता टीममधल्या ग्रोसोला पास. गोल. मी हे पॉज करून करून दाखवतो. स्पीड कुठंय यात? काहीच नाही. थांबलाय तो. पण थांबायचं कळायला त्या आधी ग्रोसो कुठं आहे हे माहिती पाहिजे, आणि ते त्यानं बॉल यायच्या आधी बघितलेलं असणार.

आता उदाहरणाची दुसरी बाजू, जी तुम्हाला कोणी सांगितली नसेल. पिर्लो भारी होता म्हणून कुठंही भारी खेळला, असं नाहीये. 2010-11 ला मिलानमध्ये दुखापती झाल्या, आणि नवीन कोच आलेग्रीला डिफेन्सपुढं टॅकल मारणारा, दणकट माणूस हवा होता. पिर्लोला बाजूला सरकवलं. सीझन संपला, 32 वर्षांचा, दहा वर्षांनंतर क्लब सोडला, फ्री ट्रान्सफर, म्हणजे युव्हेंटसनं ट्रान्सफरसाठी एक पैसा न देता घेतला. मिलानवाल्यांना वाटलं संपला. युव्हेंटस त्या आधीच्या सीझनला सातवी आली होती. त्यांचा नवीन कोच कोन्तेनं पिर्लोला तळाला मध्यभागी ठेवला आणि दोन्ही बाजूंना विदाल आणि मार्किझिओ, दोघं पळणारे. त्या सीझनला लीगच्या 38 मॅचमध्ये एकही हरले नाहीत आणि टायटल, आणि पिर्लो असेपर्यंत एकूण सलग चार. 2012 च्या युरोला इंग्लंडविरुद्ध शूटआउटमध्ये इटली मागं असताना त्यांचा गोलकीपर जो हार्टसमोर हळूच चिप केलेली पेनल्टी पण त्याच काळातली. म्हणजे एक वर्ष आधी "संपला" म्हणून सोडलेला माणूस! पायात काहीच बदललं नव्हतं, शेजारी कोण आहे ते बदललं होतं.

आणि उलटंही झालं. 2015 ला युव्हेंटसकडून खेळताना चॅम्पियन्स लीग फायनल हरल्यावर तो अमेरिकेत न्यूयॉर्क सिटी क्लबला गेला. वय 36, तिथला गेम वर-खाली पळापळीचा, आजूबाजूला तशी रचना नाही, आणि तोच माणूस बऱ्याच मॅचना बाजूनं पळत जाणाऱ्या पोरांकडं बघत राहिलेला दिसला. नोव्हेंबर 2017 ला रिटायर झाला. इटलीसाठी 116 मॅच, 13 गोल. पुढं 2020-21 ला युव्हेंटसचा कोच झाला, दोन कप जिंकले, पण नऊ वर्षांची टायटलची साखळी तुटली, टीम चौथी आली आणि एका सीझनमध्ये काढला. त्याच्या जागी कोण आला तर तोच आलेग्री.

हे एवढं का सांगितलं? कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलाच्या पायात अर्धं आहे आणि अर्धं त्याच्या आजूबाजूला आहे. म्हणून अकॅडमी बदलायच्या आधी तीन-चार मॅच तुम्ही स्वतः जाऊन बघा, आणि बॉलकडं बघू नका, फक्त मुलाकडं बघा. गोलकीपर आणि डिफेंडर बॉल त्याच्या पायाकडं देतात का, की त्याच्या डोक्यावरून लांब मारतात? टीम जर नुसती उंच मारून पळणारी असेल तर तळाचा मिडफिल्डर अख्खी मॅच मान वर करून बॉल जाताना बघत बसतो, तिथं तो काहीच शिकणार नाही. त्याच्या शेजारी पळणारं, भिडणारं कोणी आहे का, की त्याला एकट्यालाच सगळं अडवायला ठेवलंय? पावसाळ्यात मॅच असतील तर त्यावरून निकाल लावू नका, आमच्याकडे चिखलात बॉल दहा मीटरवर मरतो, तिथं पिर्लो असता तरी त्यानं उचलूनच मारला असता.

मग कोचला भेटा, एकटे, प्रॅक्टिस संपल्यावर, मुलगा आणि इतर पालक नसताना. भांडायला नाही. विचारा, सर, याच्यात तुम्हाला असं काय दिसलं की ही जागा दिली, आणि या जागेवर त्याला पुढच्या सहा महिन्यांत काय शिकवणार? चांगला कोच यावर पाच मिनिटं बोलेल. "मान वळवत नाही अजून", "डाव्या पायानं पास टाळतो", "बॉल घेताना अंग बंद करतो" असं काहीतरी ठोस सांगेल. आणि "टीमला गरज होती" किंवा परत "स्पीड" एवढंच आलं, तर मग दुसरीकडं चौकशी सुरू करा, पण दहावीची परीक्षा होऊ द्या, मधेच उचलू नका.

स्पीडबद्दल एक वेगळं. 15 व्या वर्षी स्पीडवरून कोणाचं भविष्य ठरवू नये. या वयात पोरांची वाढ दोन-दोन, तीन-तीन वर्षं मागंपुढं असते. एकाच टीममध्ये एकाला दाढी आलेली असते आणि दुसऱ्याचा आवाज पण फुटलेला नसतो. उंची भराभर वाढत असेल तर काही महिने पोरगं अजागळ पळतं, पाय लांब झाले पण ताकद आली नाही, गुडघ्याच्या खाली दुखतं. तसं दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि जबरदस्ती पळवू नका. मी 17 च्या आधी "हा स्लो आहे" हे वाक्य कोणाबद्दल बोलत नाही. आणि पिर्लोसारखी फ्री किक मारायची म्हणून रोज शंभर किक मारायला लावणारे पालक बघितलेत मी, कृपया नको, वाढीच्या वयात सांध्यांवर लोड येतो. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस किक, व्यवस्थित वॉर्मअप करून, बास.

घरी करण्यासारखं एक सांगतो जे मी माझ्या पोरांना करायला लावतो. तुम्ही मुलाच्या मागं सात-आठ मीटरवर उभे राहा, भाऊ किंवा मित्र समोरून त्याला पास देईल. पास निघाल्यावर बॉल येईपर्यंत तुम्ही हातानं बोटं दाखवायची, दोन, चार, कितीही, दर वेळी बदलून. त्यानं बॉल घ्यायच्या आधी मागं एक नजर टाकून आकडा ओरडायचा आणि मगच पहिला टच. पहिल्या आठवड्यात बॉल पायाखालून जाईल, चिडेल. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही जमायला लागतं. मग पुढची पायरी, आकडा सम असेल तर डाव्या बाजूला वळून घ्यायचा, विषम असेल तर उजव्या. रोज पंधरा मिनिटं पुरे. दहा नंबरवर खेळताना बहुतेक गेम त्याच्या समोर होता किंवा पाठीवर एक माणूस होता. आता चारी बाजूंनी गेम आहे. ही सवय लागली की त्याला परत वर खेळवलं तरी तो आधीपेक्षा चांगला दहा नंबर होईल, म्हणजे हे शिकणं वाया जाणारच नाही, कोच कुठलाही असो.

आणि मुलाशी बोला. "तुला खाली टाकलं" हा शब्द घरात वापरू नका, तुमच्या प्रश्नात तो तीन वेळा आलाय, त्याच्या कानावरही येत असणार. त्याला डॉर्टमुंडचा तो गोल दाखवा आणि विचारा, पिर्लोनं शॉट का मारला नसेल? तो काय उत्तर देतो ते ऐका, मधे बोलू नका. त्याच्या उत्तरावरून मला बरंच कळेल, इथं लिहा. शक्य झालं तर एका मॅचचा साधा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ बघा, गर्दीतून नको, थोडं उंचावरून, आणि मोजा की बॉल यायच्या आधीच्या दहा सेकंदांत तो किती वेळा खांद्यावरून मागं बघतो. तो आकडा आणि कोच काय म्हणाले ते सांगा, मग अकॅडमीचं बोलू.